डेमोच्या डिस्कवरचा स्कॅन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात त्यांची उत्तरं शोधत असते. बंद खोलीत आपोआप दिवा लागला? वायरिंग जुनं असणार. गेलेल्या माणसाच्या नंबरवरून फोन आला? कंपनीने तो नंबर दुसऱ्याला दिला असणार... आमच्या घरचे म्हणतात, तुझ्याबरोबर भुताची गोष्ट वाचणं म्हणजे शिक्षा आहे. पण काय करू, माझा धंदाच तसला. गेवराईत माझं कॉम्प्युटर आणि नेटवर्किंगचं दुकान आहे. दवाखाने, शाळा, दुकानं यांच्या मशीन मी सांभाळते. लोक फोन करतात तेच मुळी "ताई, आपोआप बंद पडलं हो" असं सांगत, आणि मी जाऊन बघते तर उंदराने केबल कुरतडलेली असते. आपोआप काहीही होत नाही, या एका गोष्टीवर माझं पोट चालतं.

हे आधीच सांगितलं, कारण पुढचं वाचून कुणी मला भोळी समजू नये. मी भोळी नाही. मी तेव्हाही डोकं शाबूत ठेवून होते आणि आताही आहे. फक्त एका गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही, आणि ते सापडत नाही याचा मला भयंकर राग येतो.

तर गोष्ट अशी. गेवराईतच एक सीटी स्कॅन सेंटर आहे. धानोरकर डॉक्टरांचं. नाव मी बदललंय, माणूस खरा आहे. त्यांच्याकडे मशीनवर काम करणारे टेक्निशियन मुख्तारभाई. सेंटर उघडल्यापासूनचे सगळे स्कॅन तिथल्या एका सर्व्हरवर साठवलेले. सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही, काउंटरच्या मागे जमिनीवर, एका लाकडी पाटावर ठेवलेला काळा डबा. त्याला कायमची जोडलेली एक बाहेरची हार्ड डिस्क. रोज संध्याकाळी सर्व्हरवरचं सगळं त्या डिस्कवर कॉपी व्हायचं. डॉक्टरांच्या मते झाला बॅकअप.

मी त्यांना वर्षभर सांगत होते की हा बॅकअप नव्हे. एकाच पाटावर, एकाच विजेच्या बोर्डावर अस्सल आणि नक्कल दोन्ही ठेवलेत, एकाला काही झालं तर दुसरं वाचणार कसं? शेवटी एकदाचे ते म्हणाले, बरं, चांगलं सॉफ्टवेअर कितीला पडतं ते काढून आणा.

काढून आणणं सोपं नसतं हो. लोकांना वाटतं किंमत म्हणजे पाकिटावरचा आकडा. मी चांगले आठ-दहा दिवस घातले. एक सॉफ्टवेअर स्वस्त, पण दरवर्षी पैसे भरायचे, नाही भरले की बंद. दुसरं एकदाच घ्यायचं, पण अडचण आली तर फोन उचलायला माणूस नाही. तिसरं सगळा डेटा इंटरनेटवरून लांब कुठेतरी पाठवणारं, पण आपल्याकडचं इंटरनेट आणि स्कॅनच्या फायली यांचा हिशोब मांडला तर पहिली कॉपी पोचेपर्यंत पुढचा पोळा आला असता. फुकटवालंही होतं, आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं की ते वाईट नाही. पण ते रोज नीट चाललं का हे रोज कुणीतरी बघायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, आणि मी फुकट नाही. शिवाय डिस्का, त्यातली एक दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची सोय, आणि तीन-चार महिन्यांतून एकदा खरोखर सगळं परत काढून बघायची मेहनत. हे सगळं धरून वर्षाला एका नव्या मोटारसायकलएवढा खर्च येत होता.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. मशीनचा विमा काढलाय, डेटाचा वेगळा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, डॉक्टर, विमा मशीन देईल, पेशंटचा जुना स्कॅन देईल का? सॉफ्टवेअर केवढ्याला हे विचारू नका, ते नसलं तर केवढ्याला पडेल ते विचारा. हे वाक्य मी सगळीकडे वापरते आणि ते बहुतेक ठिकाणी लागू पडतं. धानोरकर डॉक्टरांवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. म्हणाले, आधी चालवून दाखवा.

दाखवलं. सॉफ्टवेअरची महिनाभराची ट्रायल घेतली, माझ्याकडची एक छोटी डिस्क नेली आणि सर्व्हरवरचे फक्त त्या आठवड्यातले स्कॅन निवडून त्यांचा बॅकअप घेतला. मग डॉक्टरांच्या समोर त्यातला एक फोल्डर सर्व्हरवरून उडवला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन-तीन मिनिटांत तो जसाच्या तसा परत आणून दिला, तेव्हा मुख्तारभाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरही खूश. "मस्तय," म्हणाले, "दिवाळीनंतर घेऊ." आपल्याकडे सगळं दिवाळीनंतर असतं. मी डिस्क पिशवीत टाकली आणि घरी आणली. ट्रायलची मुदत संपली, आणि नवरात्र आलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढे सगळं तिच्यावर आहे. त्या छोट्या डिस्कवर फक्त एका आठवड्याचे स्कॅन होते. जुन्या वर्षांचे स्कॅन सर्व्हरच्या वेगळ्याच भागात होते. तो भाग मी निवडला नव्हता, आणि निवडला असता तर त्या डिस्कवर मावलाच नसता. हे काम मी स्वतःच्या हाताने केलं होतं, कुणा पोराला सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात हे तुम्हाला माहीतच असेल. ज्याचं जे हत्यार. शेतकऱ्याची पाभर, न्हाव्याचा वस्तरा, माझे स्क्रू ड्रायव्हर आणि क्रिंपिंगचा चिमटा. आमच्या घरची रीत अशी की एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या शिलंगणापर्यंत पाटावरून उचलायचं नाही. त्या वर्षी सासूबाईंनी माझी कामाची अख्खी पिशवीच पाटावर उपडी केली आणि जे जे बाहेर आलं त्या सगळ्याला हळदीकुंकू वाहिलं. त्यात ती छोटी डिस्कही होती. तिच्यावर झेंडूचं फूल, वर चार अक्षता.

तिकडे सेंटरवरही पूजा चालू होती. स्कॅनच्या मशीनला हार दरवर्षी मुख्तारभाईच घालतात, तो त्यांचा मान. मग सर्व्हरला गंधाचं बोट, बाहेरच्या डिस्कला गंधाचं बोट. इथपर्यंत सगळं ठीक. नारळ बाहेर उंबऱ्याशी फोडू असं मुख्तारभाई म्हणाले होते म्हणे, पण ज्याची पूजा त्याच्यापुढेच नारळ फोडायचा असतो असा डॉक्टरांचा आग्रह. आणि इमर्जन्सी पेशंट कधीही येतो म्हणून सर्व्हर चालूच ठेवलेला. डॉक्टरांनी काळ्या डब्याच्या पायाशी दगड ठेवून नारळ फोडला. नारळ पाणीदार निघाला. सगळं पाणी पाटावरून सरळ डब्याच्या मागच्या पंख्यात आणि तिथून खालच्या विजेच्या बोर्डात.

दुपारी मुख्तारभाईंचा फोन आला. "ताई, बटन दाबलं की पंखा जरासा फिरतोय आन् बंद होतोय. जळाल्याचा वास हाय."

मी रिकाम्या हाताने गेले, कारण माझी हत्यारं पाटावर होती. मुख्तारभाईंच्या मोटारसायकलच्या डिकीतला पेचकस घेऊन डबा उघडला. आत नारळपाण्याचा चिकट थर आणि काळी पडलेली पट्टी. विजेचा असा झटका बसला होता की सर्व्हरमधल्या दोन्ही डिस्का गेल्या, आणि वायरने जोडलेली बाहेरची डिस्कही गेली. वर्षभर मी जे सांगत होते ते तंतोतंत घडलं होतं. पण खरं सांगते, त्याचा आनंद काडीचाही झाला नाही. डॉक्टर स्टुलावर बसले होते. त्यांच्या कपाळावर गंध तसंच होतं.

पुण्याच्या रिकव्हरीवाल्याशी मी तिथूनच बोलले. तो म्हणाला, डिस्का पाठवा, उघडून बघू, काही आठवडे लागतील, खात्री देत नाही. त्याने उघडून बघण्याचे जे पैसे सांगितले, त्यात माझ्या कागदावरचं सॉफ्टवेअर दोन वर्षं चाललं असतं. मी डॉक्टरांना तो आकडा सांगितला आणि त्यावर एकही शेरा मारला नाही. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी पुन्हा सेंटरवर होते. नवा सर्व्हर येईपर्यंत एका साध्या कॉम्प्युटरवर काम चालू करायचं म्हणून खटपट चालली होती. साडीवर पुरुषी शर्ट घातलेली एक बाई काउंटरशी येऊन उभी राहिली. हातात पाण्याची बाटली आणि चिठ्ठी. अंबाजोगाईहून पहाटेच्या एसटीने निघून आली होती. सत्यभामा तिचं नाव, गाव तलवाडा. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की त्यांची टोळी कर्नाटकात निघणार होती, ट्रक ठरला होता.

तिची मुलगी ऋतुजा. या पोरीच्या डोक्यात लहानपणी पाणी साठायचं, म्हणून डोक्यातून पोटापर्यंत एक बारीक नळी बसवलेली. नळी बसवल्यावर सगळं स्थिर झालं, आणि त्यानंतरचा तिचा स्कॅन याच सेंटरवर काढला होता, दोन वर्षांपूर्वी. आता चार-पाच दिवसांपासून पोरीचं डोकं दुखत होतं आणि ती उलट्या करत होती. अंबाजोगाईच्या मेंदूच्या डॉक्टरांनी नवा स्कॅन काढला, पण त्यांचं म्हणणं असं की नुसत्या या एका स्कॅनवरून काही सांगता येत नाही. अशा मुलांच्या डोक्यातल्या पोकळ्या कायमच्याच मोठ्या राहतात. आधीही एवढ्याच होत्या की आता वाढल्यात, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. तेवढ्याच असतील तर साधं दुखणं, औषध घ्या आणि खुशाल जा. वाढल्या असतील तर नळी अडकली आहे, आणि मग एक दिवसही थांबायचं नाही, डोकं पुन्हा उघडायचं.

"तुमच्याकडच्या फिल्मा कुठंयत मग?" मुख्तारभाईंनी विचारलं.

"कोपीत व्हत्या. औंदा फडावर कोपी पेटली, समदं गेलं." कोपी म्हणजे उसाच्या फडाशेजारी टाकतात ती पाचटाची झोपडी. "डाक्टर म्हनले, गेवराईच्या मशिनीत हाय, तिथून आना."

मुख्तारभाई माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. त्या दोघांच्याने बोलवेना, म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, बाई, काल मशीन जळाली. जुनं सगळं गेलं. पुण्याला पाठवतोय, पण ते कधी येईल आणि येईल की नाही, सांगता येत नाही.

ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "असल ताई. तुमी बघा."

मी पुन्हा समजावलं. कॉपीसुद्धा जळाली, हेही सांगितलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि परत तेच. बघा. शेवटी मुख्तारभाई हळूच म्हणाले, "ताई, तुमची ती डेमोची डिस्क हाय ना?" मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तीत एका आठवड्याचे स्कॅन आहेत, तेही महिन्याभरापूर्वीचे. पोरीचा स्कॅन दोन वर्षांपूर्वीचा. बघण्यात काही अर्थ नाही. पण त्या बाईचा एसटीचा प्रवास, तिचा तो शर्ट, तिकडे दवाखान्यात बापाजवळ पडलेली पोर... मला वाटलं, हिला डोळ्यांनी दिसलं की नाही म्हणजे नाही, तर ती निदान लवकर परत जाईल. अंबाजोगाईचे डॉक्टर पुढे काय करायचं ते ठरवतील. मी बघायला नव्हे, तिला 'नाही' दाखवायला निघाले होते.

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की पाटावरची एक वस्तू आत्ताच उचलावी लागेल. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण लेकराचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच फूल बाजूला केलं, डिस्क पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, शिलंगण संध्याकाळी करू, जा.

सेंटरवर माझ्या लॅपटॉपला डिस्क जोडली. ट्रायलची मुदत संपली की त्या सॉफ्टवेअरने नवा बॅकअप घेता येत नाही, पण आधी घेतलेला परत काढता येतो. मी रिस्टोअर दिलं. सत्यभामा माझ्या शेजारी, डॉक्टर आणि मुख्तारभाई मागे उभे. काम पूर्ण झालं, स्कॅन बघायचा प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर पेशंटची नावं आली. मी बोट ठेवून वाचायला लागले, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. हे बीडचे आजोबा, हा चकलांब्याचा अपघातवाला, ही आपल्याच गल्लीतली बाई... सगळे त्याच आठवड्याचे. अगदी खालच्या ओळीला माझं बोट थांबलं. ऋतुजा ज्ञानोबा. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

मला आधी वाटलं नाव सारखं असेल. मी ती ओळ उघडली. स्कॅन सुरू व्हायच्या आधी मशीन डोक्याचं एक सरळ चित्र घेते, एक्स-रेसारखं. ते आलं. कवटीवरून मानेकडे उतरत जाणारी बारीक पांढरी रेघ, आणि एका कानाशी छोटंसं गोल वळं.

सत्यभामाने पडद्याला हात लावला. "ही तिची नळी. आन् ही बाळी. दुसरी निगाली, ही न्हाई निगाली त्या दिशी... तशीच ठिवली, लई रडत व्हती."

"मीच वढत व्हतो ती बाळी," मुख्तारभाई म्हणाले. "सरांनी सांगितलं, ऱ्हाऊ द्या. आठवतंय सर?"

डॉक्टरांनी मान हलवली. मग ते मागून जे पुढे आले ते एकदम कामालाच लागले, आणि त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. त्यांनी एकेक चित्र पुढे सरकवत पोकळ्यांची मापं घेतली, मोबाइलवर फोटो काढले आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरांना पाठवले. मी तोवर तो स्कॅन सीडीवर उतरवला. भीती वाटत होती का? हो, वाटत होती. पण कामाच्या वेळी मी भीतीला रांगेत उभं करते.

थोड्याच वेळात तिकडून फोन आला. डॉक्टरांनी स्पीकरवर टाकला. "वाढलंय, बरंच वाढलंय," तिकडचे डॉक्टर म्हणाले. "नळी अडकली आहे. मी तयारीला लागतो, आईला पाठवा."

सत्यभामाने विचारलं, "म्हंजी ट्रकात न्हाई न्यायची?"

"नाही न्यायची," धानोरकर डॉक्टर म्हणाले, आणि गाडीची किल्ली घेतली. सीडी तिच्या हातात दिली आणि दसऱ्याच्या दिवशी, अंगावरच्या घरच्या कपड्यांनिशी, ते स्वतः तिला अंबाजोगाईला घेऊन गेले. ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. नळी खरोखर बंद पडलेली होती. तिकडचे डॉक्टर नंतर धानोरकरांना म्हणाले की जुना स्कॅन मिळाला नसता, तर मी पोरीला वाट बघायला ठेवलं असतं, आणि आईबापांनी तिला तशीच उचलून ट्रकमध्ये घातली असती. तिकडे उसाच्या फडात पोर गेली असती. ऋतुजा शुद्धीवर आली आणि तिने आधी चहा मागितला.

आता माझं काम सुरू झालं. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने तिकडूनच, इंटरनेटवरून माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून सगळं तपासलं. बॅकअप घेताना मी काय निवडलं होतं, ते सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं होतं. एक आठवडा, बाकी काही नाही. तो म्हणाला, मॅडम, जे निवडलं नाही ते आत जाणारच नाही, आणि जे आत नाही ते बाहेर येणारच नाही. मी म्हटलं, हे मी लोकांना गेली कित्येक वर्षं सांगते. तो म्हणाला, मग पुन्हा रिस्टोअर करा, मी बघतो.

मी केलं. तीच डिस्क, तोच लॅपटॉप, तोच बॅकअप. बीडचे आजोबा आले, चकलांब्याचा अपघातवाला आला, गल्लीतली बाई आली. ऋतुजा आली नाही. पुन्हा केलं, दुसऱ्या लॅपटॉपवर केलं. नाही. तो इंजिनिअर चांगल्या घरचा असावा, तो मला खोटारडी म्हणाला नाही. फक्त "कदाचित दुसऱ्या कुठल्या डिस्कवरून उघडलं असेल" एवढंच म्हणाला. दुसरी डिस्क होती कुठे? सगळ्या पुण्याच्या वाटेला लागल्या होत्या. पुढे पुण्याहून थोडाफार डेटा परत आला, त्यात त्या वर्षाचा भाग आलाच नाही.

मी डोकं खाजवून सगळे रस्ते तपासले. कुणी डेमोच्या आधी तो जुना स्कॅन उघडून त्या आठवड्याच्या फोल्डरमध्ये टाकला असेल? पण का टाकेल? डेमो घेतला तेव्हा पोरगी ठणठणीत होती, शाळेत जात होती. तिच्या स्कॅनची गरज पडेल हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. मुख्तारभाईंना मी दहादा विचारलं. ते म्हणाले, ताई, खुदाची कसम, दोन वर्षांत मी ते नाव बघितलं न्हाई. दसऱ्याच्या सकाळी माझ्या लॅपटॉपवर काढलेला तो फोल्डर मी सीडी केल्यावर नीट बंद केला होता. नंतर बघितला तर त्यातही तो स्कॅन नव्हता. डॉक्टरांच्या मोबाइलवरचे फोटो मात्र आहेत, आणि सीडीही आहे. अंबाजोगाईला पोरीच्या फायलीत आहे, त्यावर या सेंटरच्या मशीनचा नंबर आहे, तारीख आहे, आणि कानात ती बाळी आहे. मी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर डॉक्टरांनी दिवाळीची वाट बघितली नाही. मी नेलेला कागद त्यांनी न वाचता सही करून परत दिला. घासाघीस नाही, काही नाही. एक डिस्क आता कायम त्यांच्या घरी असते, आणि मी ठरलेल्या वेळी जाऊन सगळं परत काढून बघते. कुणी मला विचारलं की एवढा खर्च कशाला, तर मी त्यांना नारळाची गोष्ट सांगते. पुढची सांगत नाही. एक तर गिऱ्हाइकाला ती पटत नाही, आणि दुसरं म्हणजे तिच्या भरवशावर कुणी सॉफ्टवेअर न घेता बसलं तर माझं दुकान बुडेल.

त्या वर्षी पोरीचा बाप ज्ञानोबा भावासोबत उशिराने तोडीला गेला आणि सत्यभामा पोरीजवळ घरी राहिली. पुढे उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी दोघी मायलेकी माझ्या दुकानात आल्या. ऋतुजाचे केस बऱ्यापैकी वाढले होते, आणि ती माझ्या काउंटरवरच्या माउसशी खेळत बसली. चहा झाला. मला राहवलं नाही. मी सत्यभामाला सगळं सांगितलं, की त्या डिस्कवर तो स्कॅन नव्हताच, नंतर पन्नासदा शोधला तरी पुन्हा कधी आला नाही, आणि तो त्या दिवशी कसा आला हे कुणालाही सांगता येत नाही. वाटलं होतं ती हात जोडेल, देवीचं नाव घेईल, निदान दचकेल.

तिने बशीतला उरलेला चहा संपवला.

"मंग? आमाला एकदाच लागत व्हता की," ती म्हणाली, आणि पोरीला बांगड्या भरायच्या म्हणून उठली.